गव्हाचं कडक पथ्य असताना सांगली-सातारा पट्ट्यात बाहेर जेवायचं कसं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. माझ्या ९ वर्षांच्या लेकीला सीलिॲक आजार आहे. गहू आणि जव यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन तिला अजिबात चालत नाही. घरचं सगळं आता बसलंय. तिचा तवा, परात, पोळपाट वेगळा. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्याच छोट्या चक्कीवर दळते. वजन वाढलं, हिमोग्लोबिन सुधारलं, शाळा बुडत नाही.

अडचण उंबऱ्याबाहेर आहे. गणपती झाले की दीर, जाऊबाई आणि सगळी मुलं मिळून कास, महाबळेश्वर करायचं चाललंय. गाडीनं पेठ नाका, कराड, सातारा असं जाणार. डबा मी नेईनच, पण प्रत्येक वेळ डब्यावर निघणार नाही आणि मला ती काढायचीही नाही. भावंडं गरम जेवत असताना तिनं एकटीनं गार डबा उघडायचा, हे बघवत नाही.

मागं एका हॉटेलात भाकरी निव्वळ ज्वारीची आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं होतं. जेवण झाल्यावर भाकरी थापणाऱ्या मावशींशी बोलताना कळलं की भाकरी मोडू नये म्हणून पिठात मूठभर कणीक घालतात. त्या रात्री लेकीचे फार हाल झाले. मावशींना तरी काय बोलणार, त्यांच्यापर्यंत आमचा प्रश्न पोचलाच नव्हता. वाढप्यानं परस्पर ‘हो’ म्हटलं होतं.

तर या वाटेवर जाणाऱ्यांनी सांगा, काय मागावं, काय टाळावं, कुणाशी बोलावं? ‘बाहेर खाऊच नका’ हा सल्ला मात्र नको. तो आम्ही पुष्कळ ऐकलाय.

शाळू:
ताई, आपला भागच भाकरीचा. शाळूची भाकरी, पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत कुठंही मिळेल. खात्रीचा ढाबा बघा, बाकी काळजी करू नका. आणि खपली गहू चालत असेल ना? आमच्याकडे शुगरवाले सगळे खपलीवर आलेत. पचायला हलका असतो म्हणतात.

आहारमित्र:
शाळू, खपलीबद्दल लगेच लिहिते, कारण हा सल्ला आपल्या जिल्ह्यात घरोघरी मिळतो आणि सीलिॲकच्या माणसाला तो धोक्याचा आहे. खपली हा गहूच. जात जुनी आहे, पण ग्लुटेन त्यातही असतंच. शुगरसाठी कुणी खात असेल तर तो विषय वेगळा. या मुलीला खपलीची खीरही नको आणि खपलीचा रवाही नको.

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं प्रमाणाविषयी. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते आणि तेवढ्या कणकेत दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. सीलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे पोळीचा दोनशेवा भागसुद्धा मर्यादेच्या काठावर येतो. भाकरीतली मूठभर कणीक सोडाच, कणकेच्या हातानं थापलेली भाकरीसुद्धा नको ती यासाठी.

दुसरं म्हणजे, पोट दुखलं नाही म्हणून चाललं असं होत नाही. काहींना बाहेरून काहीच जाणवत नाही, पण लहान आतड्याच्या आतल्या बाजूला जी बारीक लव असते, जिच्यातून अन्न शोषलं जातं, ती झिजत राहते. या आजारावर आजतरी गोळी नाही, पथ्य हेच औषध. थोडं थोडं खाऊन सवय लावणं हा प्रकार तर मुळीच करू नका. नातेवाईक प्रेमापोटी सुचवतात, म्हणून आधीच लिहिते.

माणदेशी:
कृष्णाकाठताई, मी स्वतः सीलिॲकचा आहे. मूळचा दहिवडीकडचा, नोकरी फिरतीची. पुणे-कोल्हापूर रस्ता, विटा, तासगाव, जत, फलटण हे सगळं माझ्या नेहमीच्या वाटेवर. त्यामुळे बाहेर न जेवून मला भागतच नाही.

हॉटेलांची यादी देत नाही, मुद्दाम. आचारी बदलला की चांगलं हॉटेलही धोक्याचं होतं. मी माणूस बघतो. गल्ल्यावर किंवा वाढप्याशी बोलून काही होत नाही, थेट आचाऱ्याशीच बोलायचं. ‘ग्लुटेन फ्री आहे का’ असं विचारलं की समोरचा गोंधळतो नाहीतर सरळ ‘हो’ म्हणतो. गहू, मैदा, रवा अशी नावं घ्यायची. रव्याचं आणि मैद्याचं नाव वेगळं घेतलंच पाहिजे. कितीतरी चांगल्या आचाऱ्यांना ते गव्हाचे आहेत हे पटकन लक्षात येत नाही. एकानं मला गव्हाचं नको म्हणून आपुलकीनं रव्याचा डोसा करून आणला होता.

मी खिशात चिठ्ठी ठेवतो, मोठ्या अक्षरात छापून. मजकूर देतो, तुम्ही लेकीच्या नावानं बदलून घ्या:

‘नमस्कार दादा / मावशी. मला गव्हाचा आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, दलिया, जव, पाव, टोस्टचा चुरा यांचा कणही पोटात गेला तर मी आजारी पडतो. मला तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, डाळी, भाज्या, दूध, दही, अंडी, मटण, चिकन चालतं. कृपा करून घासलेली कढई आणि घासलेला डाव घ्या. हिंग आणि सोया सॉस घालू नका. पुरी, समोसा तळलेल्या तेलात माझं काही तळू नका. हात धुऊन करा. जमत नसेल तर मोकळेपणानं नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही.’

शेवटचं वाक्य काढू नका. ते लिहायला लागल्यापासून मला ‘नाही’ जास्त वेळा ऐकू येतं, आणि त्या प्रत्येक ‘नाही’नं माझं एक आजारपण टळतं. जो ‘थांबा, आत विचारून सांगतो’ म्हणतो तिथं मी बसतो. जो चिठ्ठी न वाचताच ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो तिथून उठतो.

जेवण काय मागतो? साधा भात, त्यावर माझ्यासाठी नव्यानं फोडणी दिलेली डाळ, उकडलेली अंडी, दही, काकडी, कच्चा कांदा. कंटाळवाणं वाटेल, पण हे कुठल्याही खानावळीत दहा मिनिटांत होतं. अंडी तर सालासकटच मागायची, सोलायचं काम आपलं.

कृष्णाकाठ:
माणदेशी, चिठ्ठी वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजच छापते. हिंगाचं जरा नीट सांगा ना. घरी मी तांदळाच्या पिठातला हिंग आणते, पण बाहेर आमटी, भाजी, सांबार सगळ्यातच तो असणार.

आहारमित्र:
बाजारातला नेहमीचा हिंग शुद्ध नसतो. मूळ हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बांधतात. हे पीठ बरेचदा गव्हाचं किंवा मैदा असतं, काही कंपन्या तांदळाचं वापरतात. पाकिटावर घटक छापलेले असतात, ते वाचल्याशिवाय घेऊ नका. खड्याचा हिंग शुद्धच असतो हा समजही सोडा, बांधलेल्या हिंगाचे खडेसुद्धा मिळतात. हॉटेलात पाकीट बघायला मिळेलच असं नाही, त्यामुळे हिंगाशिवाय फोडणी हे बरं. आपल्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, करतात तिच्यातही हिंग पडतो, म्हणून ‘फोडणीत हिंग नाही’ एवढ्यानं भागत नाही. लेकीची भाजी हिरव्या मिरचीतली करून मागा.

पाकीटबंद खाण्याचं थोडं सोपं आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानं ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ॲलर्जीच्या घटकांची ओळ वेगळी छापलेली असते, तिथं गहू किंवा ग्लुटेन असलेली धान्यं लिहिलेली असतील तर ठेवून द्या. प्रवासातल्या मधल्या खाण्याला शेंगदाणे, खजूर, केळी, राजगिऱ्याची वडी बरी. साधे ओट्स मात्र नकोत, शेतापासून कारखान्यापर्यंत त्यांत गहू मिसळलेला असतो.

ढाबेवाला:
ताई, माझा ढाबा आहे, इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर) भागात. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. आतली गोष्ट सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

आमच्याकडं अख्खा मसूर आणि रोटी हेच मुख्य. मसुरात गहू नसतो, कांदा-टोमॅटो, लसूण, चटणी, तेल. पण रोटीचा मैदा भट्टीपाशी दिवसभर उडतो आणि भट्टीपासून गॅस चार पावलांवर. दुसरं, मसुरातला डाव घाईत शेजारच्या भाजीत जातो. पांढरा ग्रेव्हीवाला प्रकार असला तर कुठं काजू, कुठं मगज, आणि स्वस्तात भागवायचं तर मैदा पण घालतात. चायनीजकडं तुम्ही बघूच नका. सोया सॉस गव्हाचा, मंचुरियन मैद्यात घोळलेलं, कढई एकच. मासे खाताय तर रव्यात घोळून तळतात आपल्याकडं. चिकन फ्रायला पण वरून पीठ असतं. पुलाव सांगितला तर भाताला कढई कुठली घेतली विचारा, नूडल्सची असते.

आता भाकरीचं. पीठ चोख ज्वारीचं असलं तरी तीन जागा बघा. एक, परात कुठली, तीच कणकेची असती. दोन, तवा, त्याच्यावर चपाती भाजली का. तीन, ही जागा कुणी बघतच नाही: भाकरी झाल्यावर ठेवतात कुठं? चपाती आणि भाकरी एकाच दुरडीत, एकाच फडक्यात गुंडाळून. ते फडकं झटकलं की कणकेचं पीठ पडतं. तव्यावरनं थेट तुमच्या ताटात येईल असं सांगा. किंवा खरं सांगू का, बाहेर भाकरी नकोच, भात घ्या. भात शिजवायच्या पातेल्याजवळ कणीक येत नाही.

आणि वेळ. दुपारी एक-दीडला आलात तर मी हो म्हणेन, पण आचाऱ्याच्या डोक्यात राहणार नाही. साडेतीन-चारला या. गर्दी उतरलेली असते, भांडी घासलेली असतात, आचारी बिडी-चहा करून बसलेला असतो. तेव्हा एका पोरीसाठी कढई घासायला कुणी नाही म्हणत नाही. आमच्या घरात पण लेकरं आहेत.

शाळू:
ढाबेवाले, हे फडक्याचं खरंच कधी मनात आलं नव्हतं. खपलीबद्दल आहारमित्र यांचे आभार. आमच्या भावकीत एका मुलाला हाच आजार निघालाय आणि घरात त्याला खपलीची खीर देतात. आज फोन करून सांगतो.

गिरणी_कराड:
आमची पिढीजात पिठाची गिरणी. भाकरीच्या पिठाबद्दल माझंही ऐका.

बहुतेक गिरण्यांत गव्हाची चक्की वेगळी आणि ज्वारी-बाजरीची वेगळी असते. पण गिऱ्हाईक कमी असलं किंवा वीज गेली-आली की एकीवरच सगळं होतं. गव्हावर ज्वारी टाकली की पहिल्या पायलीत गव्हाचं पीठ उतरणारच, पाळूच्या, म्हणजे चक्कीच्या दगडाच्या, खाचांत ते बसलेलं असतं. चक्क्या वेगळ्या असल्या तरी गिरणीत हवेतच पीठ असतं, आमच्या पापण्यांवरसुद्धा बसतं. डब्यात पीठ भरायचं माप, चाळण, झाडणी एकच. तेव्हा हॉटेलवाला खरं बोलत असला, त्यानं ज्वारीच नेली असली, तरी त्याच्या पिठात गहू असू शकतो. हरभऱ्याच्या डाळीचंही तसंच, म्हणून हॉटेलातलं पिठलं-भजी त्या मुलीला नको.

सीलिॲकच्या माणसाला गिरणीचं पीठ नकोच असं मी गिरणीवाला असून सांगतो. ताई घरी दळतात ते उत्तम. प्रवासात निघताना घरचं दोन किलो पीठ बरोबर न्या, मुक्कामी कुणाकडून तरी थापून मिळेल.

वाईची_लेक:
कास आणि महाबळेश्वरबद्दल मी लिहिते, माहेर-सासर दोन्ही त्याच बाजूला.

जावळी, बामणोली, कोयनेकडची गावं म्हणजे भात आणि नाचणीची. कासजवळ आणि बामणोलीच्या रस्त्याला घरगुती जेवण देणारी पुष्कळ घरं आहेत. आदल्या दिवशी फोन केलात, नीट सांगितलंत, तर एका घरात एका मुलीसाठी वेगळं करणं त्यांना जड जात नाही. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलपेक्षा मला ही चूल जास्त भरवशाची वाटते, कारण तिथं मैद्याचं पोतंच नसतं. तरी नाचणीची भाकरी थापताना वरून कुठलं पीठ लावतात ते विचारा. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी कासला गर्दी असते, तेव्हा ही घरंही घाईत असतात. मधल्या वारी जा.

महाबळेश्वर-पाचगणीत मुलांचा हट्ट ठरलेला. उकडलेलं किंवा भाजलेलं मक्याचं कणीस चालेल, फक्त मसाला आपला लावा. कॉर्न पॅटिस नको, त्याला मैदा नाहीतर ब्रेडचा चुरा असतो. कॉर्न भजी त्याच तेलातली. स्ट्रॉबेरी तुम्हाला सप्टेंबरात मिळणार नाही, ती डिसेंबरनंतरची. पण पुढं कधी आलात तर स्ट्रॉबेरी-क्रीम घ्या, वर बिस्किटाचा चुरा, केक किंवा वेफर नको म्हणून सांगून. आइस्क्रीम कपातलं, कोन गव्हाचा असतो. चवीचे फुटाणे मिळतात त्यांना वरून कसलं तरी आवरण असतं, ते सोडा.

साताऱ्याचा कंदी पेढा म्हणजे दूध-साखर, पण सुटा घेऊ नका. दुकानात बालूशाही उचललेल्या हातानंच पेढा उचलतात. बंद खोकं, घटक वाचून.

नाश्त्याला हॉटेलातल्या मांडून ठेवलेल्या पदार्थांपासून दूर राहा. पोह्यांचा चमचा उपम्यात जातोच. पोहे ताजे परतून मागा, वरून शेव नको. इडली तांदळाची का रव्याची, हे विचारा. डोशाच्या पिठात कुरकुरीतपणाला रवा-मैदा घालतात काही जण, आणि तव्यावर आधीचा रवा डोसा असतो. मी तरी डोसा देणार नाही.

एकादशी:
एक सुचवू का? उपवासाचे पदार्थ. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, दही, बटाट्याची भाजी. उपवासाला गहू चालत नाही, हिंग तर नसतोच, आणि हॉटेलवाले उपवासाची भांडी बरेचदा वेगळी ठेवतात कारण गिऱ्हाईक त्याबाबत कडक असतं. संकष्टी, एकादशी, नवरात्र, श्रावणातला सोमवार असेल तर ताजं मिळतंच. साबुदाणा वडा मात्र तेलाचं विचारल्याशिवाय नको. उपवासाची भाजणी घरी दळलेली असली तर चालेल, पण साध्या भाजणीच्या थालीपिठात गहू असतो, त्यात गल्लत होऊ देऊ नका.

माणदेशी:
एकादशीताईंना अनुमोदन. मी संकष्टीला मुद्दाम दौरे ठेवतो. आणखी एक, ताटातली कुरडई विसरू नका, ती गव्हाच्या चिकाची. वाढपी सवयीनं टाकून जातो आणि ती मोडली की ताटभर होते. मिसळीची उसळ हिंग आणि वर्षाची चटणी नसली तरच, आणि फरसाणात तर मैद्याची पापडी असते. सांगली-जयसिंगपूरचं भडंग मात्र मुरमुऱ्याचं, हिंग नसलेलं पाकीट मिळालं तर प्रवासात आधार होतो. आणि हिवाळ्यात हुरडा खायला शेतावर गेलात तर गव्हाच्या ओंब्या त्याच आगटीत भाजतात का ते बघा.

मोठ्या साखळी हॉटेलांत गेलात तर ॲलर्जीच्या घटकांचा तक्ता मागा. १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असल्या तर ती माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे. तक्त्यात स्वयंपाकघरातलं उडणारं पीठ येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पाटणकर:
माझ्या भाच्याचं पोट सारखं बिघडतं, उंचीही वाढत नाही. हा धागा वाचून वाटतंय की गहू बंद करून बघावा. आठवडाभरात फरक दिसेल का?

आहारमित्र:
पाटणकर, गहू आत्ता बंद करू नका. आधी मुलांच्या डॉक्टरांकडे किंवा पोटविकारतज्ज्ञांकडे न्या. टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी असते, लागली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. या तपासण्या गहू खाण्यात असतानाच खऱ्या येतात. आधीच बंद केला तर आजार असूनही तपासणी साफ येऊ शकते, आणि मग निदानासाठी मुलाला पुन्हा गहू खायला लावायची वेळ येते. उंची खुंटणं, न हटणारा रक्तक्षय ही लक्षणं लवकर दाखवण्यासारखी आहेत. याच आठवड्यात जा.

पाटणकर:
बरं झालं विचारलं. बहिणीला कळवतो. मिरजेला दाखवून घेऊ.

कृष्णाकाठ:
मंडळी, जाऊन आलो! लेक ठणठणीत आहे. कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

जाताना कराडजवळ चारच्या सुमाराला थांबलो. चिठ्ठी दिली. आचारी स्वतः बाहेर आले, चिठ्ठी मोठ्यानं वाचली, ‘रव्याचं कळलं, हिंगात काय असतं?’ म्हणून विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, ‘दहा मिनिटं द्या.’ मला आत बोलावून माझ्यासमोर कढई राखेनं घासली, धुतली, कोरडी केली. जिरं-लसणाची फोडणी, मुगाचं वरण, आणि भात नव्या कुकरचा, कुणी डाव न घातलेला. ताट-वाटी आम्ही आमची दिली. लेकीनं दोनदा वरण मागून घेतलं. निघताना त्यांनी चिठ्ठी परत दिली नाही, ‘राहू दे, भिंतीला लावतो’ म्हणाले. 

साताऱ्यात एका ठिकाणी मालकांनी वाचून स्वच्छ सांगितलं, ‘वहिनी, आमच्याकडं बेकरीचा माल पण इथंच होतो, मी जबाबदारी घेत नाही.’ त्यांनी आम्हाला बसू दिलं, लेकीचा डबा गरम करून द्यायला उकळतं पाणी दिलं. डबा पाण्यात ठेवून गरम केला, त्यांच्या भांड्यात काढला नाही. बाकीचे तिथंच जेवले. माणदेशी म्हणतात ते पटलं.

कासच्या बाजूला घरगुती जेवण सांगून ठेवलं होतं. पीठ आमचं, तवा आमचा. त्या काकूंनी सकाळच्या चपात्या आधी उरकून, ओटा पुसून, हात धुऊन मग आमची भाकरी घेतली. लेक शेजारी बसून थापायला शिकली आणि तिचीच पहिली भाकरी तिनं खाल्ली. महाबळेश्वरला कणसं भरपूर झाली, मीठ-लिंबू घरचं. पॅटिससाठी चेहरा पडला होता. जाऊबाईंनी सगळ्याच मुलांना कणसं घेतली, पॅटिस कुणालाच नाही. जाऊबाईंचं हे मी विसरणार नाही.

शेवटच्या दिवशी चिठ्ठी लेकीनंच दिली आणि आचाऱ्यांना विचारलं, ‘काका, दुपारी इथं मैदा मळला होता का?’ हा प्रश्न मलाही सुचला नव्हता.

ढाबेवाला:
पोरीनं बरोबर प्रश्न विचारला बघा. आमच्या आचाऱ्याला वाचून दाखवला. आता येताना-जाताना इकडं थांबायचंच, आधी फोन टाका, भट्टी पेटायच्या आत तुमचं करून ठेवतो.

औदुंबर:
ताई, छान झालं. माझा प्रश्न थोडा वेगळा. पुढच्या महिन्यात औदुंबर आणि नरसोबावाडी करायचंय, बरोबर सीलिॲक असलेली आत्या. प्रसादाला नाही म्हणणं तिला फार जड जातं. काय करावं?

कृष्णाकाठ:
आम्ही दोन्हीकडे जातो. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा आणि भंडाऱ्यातली खीर बहुतेक खपलीची, ते दोन्ही नाहीच. मी वाढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते, खिरीचा डाव भातात जायच्या आत, पातेल्याच्या मधला भात लेकीच्या डब्यात घेते. आमटीत हिंग असतो म्हणून त्यावर घरचं तूप-मीठ. देवाजवळचा नारळ, खडीसाखर, केळं हा प्रसाद तिच्या हातावर देते, पुजाऱ्यांना सांगितलं की ते तोच देतात. वाडीची बासुंदी दूध-साखरेची, पण सुटी न घेता बंद डबा घ्या, घटक बघा, आणि वाटी-चमचा आत्यांचा घरचा न्या.